बोट कशी झाली?

ह्यूस्टन, २२ जून

प्रिय सुधीर,

परवा फोनवर तू बाबांना विचारलंस, "काका, बोट कशी झाली?" ते म्हणाले, "फस्क्लास!" आणि फोन माझ्या हातात कोंबून मागच्या अंगणात निघून गेले. मीही आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. तुझ्याशी खोटं बोललो याची दोन दिवस टोचणी लागली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बोट झालीच नाही रे.

निघायच्या नऊ दिवस आधी सकाळी क्रूझ कंपनीची मेल आली. जहाजाच्या प्रोपल्शनमध्ये, म्हणजे ते पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत, दोष आढळला आहे, तातडीची दुरुस्ती करावी लागणार, सबब आपली फेरी रद्द. खाली दिलगिरी. मी ती मेल आधी ऑफिसात बसून चारदा वाचली आणि संध्याकाळपर्यंत घरी कोणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून हे सगळं ठरवलेलं. त्यासाठी सिअ‍ॅटलहून धाकट्याने बायकामुलांसकट विमानाची तिकिटं काढलेली. आणि तू बाबांना टेलरकडे नेऊन शिवून घेतलेला तो नेव्ही ब्लू कोट! जहाजावर एका रात्री सूटबूट घालून जेवायला जातात हे कळल्यापासून तो कोट रोज एकदा कपाटातून बाहेर यायचा.

शेवटी जेवताना सांगितलं. आई "अगंबाई" म्हणाली आणि वाढायची थांबली. बाबांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "नक्की काय बिघडलंय?"

एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय विचारणार? मग आम्ही रात्री बारापर्यंत लॅपटॉप घेऊन बसलो. आताच्या बऱ्याच मोठ्या क्रूझ जहाजांना जुन्या बोटींसारखा लांबलचक शाफ्ट आणि वेगळं सुकाणू नसतं. मागच्या बाजूला तळाखाली मोठाले पॉड लटकवलेले असतात. पॉडच्या पोटात विजेची मोटर, तिला पंखा, आणि अख्खा पॉडच गोल फिरतो, म्हणून जहाज जागच्या जागी वळतं. वीज तयार होते वर, डिझेल जनरेटरवर. बाबा खूश. म्हणाले, "म्हणजे इंजिन वर आणि चाकं खाली. चांगली अक्कल आहे." मग लगेच, "पण बेअरिंग गेलं तर?"

बेअरिंग गेलं तर गोची. पाणबुडे खाली जाऊन थोडंफार काम करतात. मोठं काम निघालं की जहाज कोरड्या गोदीत चढवावं लागतं. एवढं धूड मावेल अशा गोद्या जगात मोजक्याच, आणि त्यांच्या तारखा कितीतरी आधीपासून लागलेल्या. कारण दर काही वर्षांनी प्रवासी जहाजाचा तळ गोदीत कोरडा करून तपासून घ्यावाच लागतो. बाबांनी त्याला लगेच नाव दिलं, पासिंग.

इकडच्या जहाजांची हक्काची गोदी बहामामधल्या फ्रीपोर्टची. तिथं १ एप्रिल २०१९ला 'ओअ‍ॅसिस ऑफ द सीज' दुरुस्तीला उभं असताना क्रेन कोसळली. आठ माणसं जखमी झाली, जहाजाच्या तीन फेऱ्या रद्द, आणि पुढची दुरुस्ती करायला त्याला अटलांटिक ओलांडून स्पेनमधल्या कादिझला जावं लागलं. गोदीही जायबंदी झाली. त्याच जुलैत इथल्या गॅल्व्हस्टन बंदरातून सुटणाऱ्या 'कार्निव्हल व्हिस्टा'च्या पॉडांनी दगा दिला आणि चढवायला गोदी नाही! मग 'बोका व्हॅनगार्ड' नावाचं अवजड माल वाहणारं जहाज आणलं. ते स्वतः पाण्यात खाली बसतं, व्हिस्टा त्याच्या पाठीवर येऊन उभं राहतं आणि मग ते पुन्हा वर उठतं. बोटीवर बोट! तो व्हिडिओ बाबांनी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. खंबाटकीत बंद पडलेली गाडी टोचन लावून आणण्यात हयात गेली त्यांची.

पण एसटी बंद पडली तर काय होतं? कंडक्टर मागून येणाऱ्या गाडीला हात करतो आणि त्याच तिकिटावर सगळ्यांना बसवून देतो. उभं राहून का होईना, माणूस साताऱ्याला पोचतो. इथं तीन-चार हजार माणसांना बसवायला मागून गाडी येत नाही. मागून येणारी बोटही भरलेलीच असते.

पैसे परत मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. २०१३ साली 'कार्निव्हल ट्रायम्फ'च्या इंजिनरूमला आग लागली, चार हजारांवर माणसं मेक्सिकोच्या आखातात दिवसचे दिवस अडकली, तेव्हा इतकी छी-थू झाली की क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची यादीच काढली. यंत्र बिघडून फेरी रद्द झाली तर पूर्ण भाडं परत, हे त्यात आहे. आमचंही आलं. वर पुढच्या फेरीसाठी सवलत. तिचं काय लोणचं घालू? ऑगस्टमध्ये आई-बाबा परत निघणार. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे काय म्हणतील कोण जाणे. धाकट्याच्या विमानाचे पैसे एअरलाइनकडेच जमा राहिले, आदल्या रात्रीच्या हॉटेलचे बुडाले, आणि त्याला दुसऱ्या आठवड्याची रजा मिळाली नाही. म्हणजे तो आलाच नाही. आई त्या दिवसापासून क्रूझबद्दल चकार शब्द बोलत नाही, नातवंडांबद्दल बोलते. कंपनीच्या मेलमध्ये यासाठी रकाना नव्हता.

चिडलो मी कशावर, सांगू? यंत्र बिघडणारच. पण त्याच जहाजाच्या आधीच्या दोन फेऱ्यांत वेग कमी ठेवून एकेक बंदर गाळलं होतं, हे नंतर कळलं. म्हणजे दुखणं माहीत होतं. तेव्हाच कळवलं असतं तर तिकिटं फिरवता आली असती.

आईला मी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टची गोष्ट सांगितली. 'व्हिला व्ही ओडिसी' नावाचं जहाज २०२४च्या मे अखेरीस साडेतीन वर्षांच्या जगप्रवासाला निघणार होतं. त्यात लोकांनी खोल्याच विकत घेतलेल्या, काहींनी तर संसार आवरून टाकलेला. सुकाणू आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीत ते अडकलं ते थेट चार महिने, तेही टायटॅनिक जिथं बांधलं त्याच गावात. दिवसा जहाजावर जायचं, जेवायचं, आणि रात्री झोपायला उतरायचं. आई म्हणाली, "बरं बाई, आपण घर नाही विकलं."

आता त्या फोटोबद्दल. ग्रुपवर बाबांचा कोटातला फोटो पाहिलास ना, मागे समुद्र आणि सीगल? आणि तू लिहिलंस, "काका एकदम कॅप्टन". ज्या दिवशी जहाज सुटायचं होतं त्याच दिवशी सकाळी बाबा कोट घालून हॉलमध्ये येऊन बसले. म्हणाले, "बंदर तरी बघून येऊ." गॅल्व्हस्टन तासाभरावर आहे. तिथून पलीकडच्या बोलिव्हरला फेरीबोट जाते, गाड्यांसकट, वीसेक मिनिटांत. आईने तिकिटाचं विचारलं. मी म्हटलं, फुकट आहे, टेक्सास सरकारचं वाहतूक खातंच चालवतं. बाबा ताडकन वळले, "म्हणजे इथली एसटीच की ही!"

चार खेपा मारल्या आम्ही. छत्तीस डिग्रीत कोट काढला नाही त्यांनी. ह्यूस्टनकडे निघालेले तेलाचे टँकर बाजूने जात होते, एकदा दोन डॉल्फिन दिसले. आईने पिशवीतून दशम्या आणि शेंगांची चटणी काढली. तिसऱ्या खेपेला बाबा एका खलाशाला इंजिनाबद्दल काय विचारत होते, कुठल्या भाषेत, देव जाणे. पण तो माणूस हातवारे करून मन लावून सांगत होता.

ऑगस्टमध्ये ते साताऱ्याला पोचतील. कट्ट्यावर बोटीचा विषय निघेलच. जेवण कसं होतं, खोली कशी होती, असलं काही विचारू नकोस. इंजिनाचं विचार. आणि हे पत्र आल्याचं बोलू नकोस.

वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझा,
नंदू