धडधाकट आहे म्हणून आश्रय नाकारू नका

प्रति,
सन्माननीय गृहमंत्री,
युनायटेड किंग्डम

विषय : मानवी तस्करीतून सुटलेल्या पुरुषांचे आश्रयाचे अर्ज

स. न. वि. वि.

2009 साली केंब्रिजमधल्या एका घरात, गांजाच्या शेकडो रोपांमध्ये, पोलिसांना एकटाच राहणारा एक व्हिएतनामी मुलगा सापडला. तो तस्करीचा बळी असावा अशी चिन्हे असूनही त्याच्यावर खटला भरला गेला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच्या आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका मुलाच्या प्रकरणात ब्रिटनला दोषी धरले. आश्रयाच्या अर्जांकडे पाहताना मात्र आपल्या खात्याची नजर अजूनही पुरेशी बदललेली नाही.

2023 मध्ये आधुनिक गुलामगिरीच्या राष्ट्रीय यंत्रणेकडे सुमारे 17 हजार संशयित बळींची नोंद झाली आणि त्यांत जवळपास तीन-चतुर्थांश पुरुष व मुलगे होते. पण बळी म्हणून मान्यता मिळाली तरी आश्रय मिळतोच असे नाही. तरुण आहे, धडधाकट आहे, मायदेशी दुसऱ्या शहरात जाऊन पोट भरेल, असा युक्तिवाद तिथे आडवा येतो.

व्हिएतनाममधल्या न्घे आनसारख्या प्रांतातून निघालेल्या तरुणाच्या डोक्यावर प्रवासाचे कर्ज असते, त्यापायी अनेकदा घर-जमीन गहाण पडलेली असते, आणि झाकलेल्या खिडक्यांआड, दिव्यांच्या उकाड्यात रोपांना पाणी घालत काढलेल्या महिन्यांनी ते फिटत नाही. तो हनोईला गेला काय नि सायगावला गेला काय, वसुलीवाले त्याच्या आईवडिलांच्या दारात उभे राहणारच. किंबहुना तो धडधाकट आहे, म्हणूनच तस्करांना तो पुन्हा हवा असतो.

त्यात 2022 च्या राष्ट्रीयत्व व सीमा कायद्याच्या कलम 33 ने वाट आणखी अरुंद केली. छळाचा धोका असलेल्या ‘विशिष्ट सामाजिक गटा’तला म्हणून आश्रय मागताना, त्या गटाचा बदलता न येणारा भूतकाळ किंवा समाजात वेगळी ओळख, यांपैकी एक गोष्ट पुरेशी असल्याचे आश्रयाची अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने 2020 मध्ये म्हटले होते. आता दोन्ही सिद्ध कराव्या लागतात. ज्या समाजात पुरुषही तस्करीचा बळी असतो हेच कुणी मानत नाही, तिथली ‘वेगळी ओळख’ त्याने दाखवायची कशी?

लैंगिक अत्याचार झाला असेल, तर असा पुरुष तो पहिल्या मुलाखतीत क्वचितच सांगतो. ‘कामासाठी आलो’ एवढेच म्हणतो. पुढे तोंड उघडले, की उशिरा सांगितले म्हणून संशय घेतला जातो. हे अन्यायाचे आहे.

तरी कलम 33 मधील ती दुहेरी अट काढावी, पुरुषांच्या अर्जांत कर्जाची व पुन्हा तस्करी होण्याची भीती स्वतंत्रपणे तपासण्याचे लेखी निर्देश अधिकाऱ्यांना द्यावेत आणि उशिरा आलेली माहिती केवळ उशिरामुळे फेटाळू नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
ब्रिटनमध्ये राहणारी एक मराठी भाषक