हार्वर्डच्या आधीची खोली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या कायदाशिक्षणावर लेख आला होता. अमेरिकेत वर्ग भरवून कायदा शिकवण्याची सुरुवात हार्वर्डने १८१७ साली केली, असं त्यात म्हटलं आहे. हार्वर्डचं साल बरोबर आहे, सुरुवात मात्र तिथली नव्हे. विल्यम अँड मेरी कॉलेजात १७७९ पासून कायद्याचे प्राध्यापक होते. आणि त्याच्याही आधी, १७७४ मध्ये, कनेक्टिकटच्या लिचफिल्ड गावात टॅपिंग रीव्ह या वकिलांनी घरीच शिकवायला घेतलं. पहिला विद्यार्थी त्यांचा मेव्हणा आरन बर, पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाला तोच. घर पुरेना, तेव्हा १७८४ मध्ये शेजारी एक खोली बांधली.

गेल्या वर्षी मुलीकडे हार्टफर्डला गेले होते, तेव्हा ती खोली पाहून आले. आमच्या वाईच्या कोर्टातल्या वकिलांच्या बाररूमपेक्षा लहान! एवढ्याशा जागेशी नाव जोडलेले विद्यार्थी अकराशेच्या आसपास.

मला खिळवून ठेवलं ते वह्यांनी. रीव्हांचा आवाज बसलेला, कुजबुजल्यासारखं बोलत. मुलं कान देऊन टिपून घेत, मग तेच पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवत आणि चामड्यात बांधून घेत. पदवी नव्हतीच. ती बाडं हीच कमाई, जन्मभर वकिलीत उपयोगी पडणारी. मी वकिलीत नवी असताना माझ्या सीनियरांनी पहिलं वर्षभर माझ्याकडून कैफियतींच्या (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरांच्या) नकलाच करून घेतल्या होत्या. मी मनातून चरफडायचे. प्लीडिंग, म्हणजे कोर्टापुढे बाजू लेखी मांडणं, शिकले ती त्यातूनच, हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं.

रीव्ह नुसते शिकवत नव्हते. १७८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या बेट नावाच्या गुलाम बाईचा दावा थिओडोर सेजविक या वकिलांच्या जोडीने त्यांनी लढवला. राज्याच्या नव्या घटनेत सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र म्हटली आहेत, मग ही मालमत्ता कशी? बेट आणि तिच्याबरोबरचा ब्रॉम सुटले, वर ३० शिलिंग भरपाई. पुढे ती एलिझाबेथ फ्रीमन म्हणून ओळखली गेली. आणि याच गुरूकडे शिकून गेलेला जॉन कॅलहून हा राजकारणी पुढे गुलामगिरीचा कट्टर कैवारी निघाला! वही तीच, पण कोण तिच्यातून काय उचलेल, सांगता येत नाही.

बायकांना अर्थातच प्रवेश नव्हता. त्याच गावात सारा पिअर्सबाईंची मुलींची शाळा होती. तिथल्या मुली आणि इथले मुलगे यांची लग्नं जमत, कायदा मात्र मुलग्यांनीच शिकायचा. मी वकिली सुरू केली तेव्हा आमच्या कोर्टात बाई मी एकटीच होते, म्हणून हे जरा लागलं.

रीव्हांनंतर जेम्स गूल्ड यांनी वर्ग चालवला. पण त्यांची तब्येत ढासळली, मुलं येल-हार्वर्डकडे वळू लागली आणि १८३३ मध्ये वर्ग बंद पडला.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल.

– एक निवृत्त वकील, वाई (जि. सातारा)