केलांगहून लेहला जाणाऱ्या बसच्या कंडक्टर दादांना

दादा, नमस्कार. तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही माहीत नाही, रोज इतकी माणसं चढतात उतरतात. हिमाचलच्या सरकारी बसमध्ये मागच्या बाजूला खिडकीपाशी बसलेली नऊवारीतली म्हातारी आठवतेय का? डोक्याला मफलर, हातात वही. ती माझी आई. घरी येऊन बरेच दिवस झाले तरी तुमचं नाव काढलं की माझा गळा दाटून येतो, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकावं.

आई आमच्या माण तालुक्यात भूगोल शिकवायची. पर्जन्यछायेचा प्रदेश हे आमच्याकडे पोरांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही, महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि आमच्याकडे ढग नुसते वरून निघून जातात. पण हिमालयाच्या पलीकडचं थंड वाळवंट तिने आयुष्यभर फक्त फळ्यावर काढलं होतं, आणि तिला ते रस्त्याने जाऊन बघायचं होतं, हिरवं कुठे संपतं आणि उजाड कुठे सुरू होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी.

ही एवढी साधी गोष्ट कुणालाच कळेना. एक टूरवाला म्हणाला आजींना विमानाने थेट लेहला न्या, रस्त्यात काय आहे बघायला, नुसते डोंगर. दुसरा वय ऐकूनच फोन ठेवून मोकळा. आणि दिल्लीहून मनालीला ज्या प्रायव्हेट बसने आलो तिथे तर पडदे ओढलेले, वर मोठ्याने पिक्चर, आईने जरा पडदा सरकवला तर क्लीनर येऊन परत ओढून गेला, एसी जातो म्हणे. पैसे पूर्ण घेतले आणि बियासचं खोरं आम्हाला बंद डब्यातून नेल्यासारखं नेलं.

मनालीहून पुढे मात्र दिवसाची लोकल बस मिळाली. अटल बोगदा ९ किलोमीटरचा, अलीकडे देवदार, धुकं, भिजलेला रस्ता, आणि पलीकडे सिस्सूच्या बाजूला बाहेर पडलो तर कोरडे करडे डोंगर आणि लख्ख ऊन. आई एकदम म्हणाली, अगं हा तर आपला घाट! ढग अडवायचं सह्याद्रीचं काम इथे ही पीर पंजालची डोंगररांग करतेय. पण तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात, तिथून पुढे ती चंद्रभागा, तो संगम काही तिला दिसला नाही, बस खच्चून भरलेली, मधे माणसं उभी. पंढरीची वारी केलेली बाई हो ती, नाव चंद्रभागा आणि दर्शन नाही. केलांगला रात्रभर तेच बोलत होती.

सकाळी तुमच्या बसमध्ये मी सहज तुम्हाला हे सांगितलं. तुम्ही हसून म्हणालात, "माताजी, भागा जहाँ से निकलती है वो दिखाऊँगा." मला वाटलं बोलायचं म्हणून बोलले.

जिस्पा, दारचा झालं, झाडं संपली. झिंगझिंगबारच्या आसपास रस्त्यावरून ओढ्याचं पाणी वाहत होतं त्यातून बस गेली आणि सगळी काच चिखलाने भरली, काहीच दिसेना. चहाला बस थांबली. तुम्ही स्वतःचा चहा बाकावर ठेवलात, पाण्याची बाटली आणि पेपरचा बोळा घेऊन बाहेरून आईची खिडकी पुसलीत, त्या वाऱ्यात, टाचा उंच करून. तो तुमचा चहा गार झाला दादा, मी बघत होते.

आणि मग सूरज ताल आला, भागा जिथून निघते तो तलाव, बारालाचा खिंडीच्या जरासा खाली, १६ हजार फुटांवर ते निळं पाणी, तुम्ही पुढून हाक मारलीत, "माताजी, भागा!" आईने हात जोडले आणि रडायलाच लागली.

पुढचं सगळं तिने त्याच काचेतून बघितलं. गाटा लूप्सची २१ वळणं तिने बोटावर मोजली. पांगनंतर मोरेचं ते पठार, इतक्या उंचीवर एवढं सपाट, मैलोन् मैल, ती वहीत चित्रच काढत बसली. तांगलांग ला ही खिंड उतरल्यावर रुमत्सेला पहिली हिरवी शेतं दिसली आणि उपशीला सिंधू! धूळ बसली की प्रत्येक थांब्यावर तुम्ही गुपचूप येऊन काच पुसून जात होतात, कुणी सांगितलं नव्हतं, तिकिटात ते येत नाही. लेहला मी पैसे द्यायला गेले तर तुम्ही हात मागे घेतलात आणि आईच्या पाया पडलात.

चांगली माणसं असतात हो, आपण उगाच सगळ्यांना एका मापात मोजतो. दुसऱ्याला काय बघायचंय हे ओळखून त्याच्यासाठी थोडं थांबणं, एवढंच त्या पैसेवाल्यांना जमलं नाही.

आईने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, ती आणि या पत्राची एक प्रत केलांग डेपोच्या पत्त्यावर पाठवतेय. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या उन्हाळ्यात त्या बसने जाणार असेल तर कृपा करून कंडक्टरना विचारा, माणच्या म्हाताऱ्या बाईंना सूरज ताल दाखवणारे तुम्हीच का, आणि हो म्हणाले तर आमचा नमस्कार सांगा, चहा पाजा, आणि तो गरम असतानाच प्यायला लावा.