एका फळीवर दोन मापं

फोंडा, गोवा
६ ऑक्टोबर

प्रिय मिरजकर,

माझ्या मॉडेल रेल्वेबद्दल परवा फोनवर तू म्हणालास, "एचओच्या शेजारी एन? म्हणजे म्हशीच्या गोठ्यात शेळी बांधलीस की!" फोनवरच उत्तर दिलं असतं तर जुंपली असती, म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन वाच, पत्र लांबणार आहे.

तुझा मुद्दा मला मान्य आहे. एचओचं माप खऱ्याच्या १:८७, एनचं १:१६०. एचओतला माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा, एनमधला एकच. दोघांना एका फलाटावर उभं केलं तर बाप आणि लेक दिसतात. पण लेका, मी एन शेजारी ठेवलेलं नाही, मागे ठेवलंय. पुढे घाटाच्या पायथ्याचं कुळे स्टेशन एचओत, आणि मागे डोंगरात दूधसागर धबधब्याजवळचा रेल्वेपूल एनमध्ये. कुळ्याच्या फलाटावरून दूधसागर दिसत नाही हे मलाही ठाऊक आहे, ते पत्राने कळवायची तसदी घेऊ नकोस.

हिशेब असा. खुर्चीवर बसलेल्याच्या डोळ्यापासून पुढचा रूळ ६० सेंटिमीटरवर, मागचा १३० वर. १६० ला ८७ ने भागलं की १.८४ येतात. म्हणजे १३० वरची एनची गाडी डोळ्याला २३९ सेंटिमीटरवरच्या एचओ गाडीएवढी दिसते. भिंत न पाडता खोली मीटरभर मागे सरकली! आणि गाडीही पुरी मावते. आपला जुना आयसीएफ (पेरांबूरच्या कारखान्याचा) प्रवासी डबा एचओत साडेचोवीस सेंटिमीटरचा, एनमध्ये तेरा-साडेतेराचा. पुढे चार डबे दिसतात तोवर फळी संपते. मागे बारा डबे वळणावर एका नजरेत.

हे सगळं कागदावर. पहिल्या खेपेला जे झालं ते तुला सांगितलं नव्हतं. मागचा रूळ टाकला, गाडी सोडली आणि भाच्याला बोलावलं. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामा, ही मोठी खरी, ती खेळण्यातली." पार उतरलो. त्यात भर म्हणून एक पाल पुलाच्या मधोमध येऊन बसली. दहा सेंटिमीटरची पाल, एनच्या मापाने सोळा मीटर! गाडी तिच्यापाशी थांबली (रूळ मळला होता, पालीचा दोष नाही) आणि आई दारातून म्हणाली, "सिग्नल मिळाला नाही वाटतं."

चूक कुठे होती ते मला बाबांच्या नाटकांनी दाखवलं. आमच्या गावच्या जत्रेत नाटक व्हायचं, बाबा दर वर्षी त्यात असत. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा: पुढचे खांब मोठे, आतले लहान लहान होत गेलेले. पुढून बघितलं की महाल मैलभर खोल. एका वर्षी सेनापतीचं काम करणारे गृहस्थ वाक्य विसरले आणि आतून कुजबुज ऐकू यावी म्हणून मागे सरकत सरकत पडद्याला टेकले. त्यांचं पागोटं महालाच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला लागलं. मांडावरचे सगळे बघणारे हसले. पडदा चांगलाच होता रे, माणूस त्याच्याजवळ जायला नको होता.

माझी गाडी नेमकी पडद्याला टेकत होती. एचओचं स्टेशन आणि एनचा पूल यांच्यामध्ये मोकळं मैदान होतं, त्यामुळे डोळा एकावरून दुसऱ्यावर घसरत जाऊन माप घेत होता. आता मध्ये जंगलाची पट्टी आहे. झाड आणि दगड यांना माप नसतं, ते कुठल्याही मापात खपतात. माप उघडं पाडतात ती दारं, खिडक्या, माणसं, मोटारी. म्हणून मागे एकही माणूस नाही, एकही खोपटं नाही. पुढच्या झाडांची पानं जाड स्पंजाची, मागे गेलं की नुसती भुकटी, आणि हिरव्यात राखाडी-निळं वाढवत नेलंय. समोर प्लायची चौकट आणि दोन विंगा लावल्यात, बघणाऱ्याने तिथूनच बघायचं. उभं राहून वरून डोकावलास तर तुला काहीही दाखवणार नाही.

डोंगर मी केलेला नाही. दिवाळीसाठी नरकासुर करणारी पोरं आमच्या वाड्यावर आतापासूनच कामाला लागलीत. त्यांतल्या एकाला घरी आणलं. बांबूच्या कामट्या, वर्तमानपत्र, खळ. दोन संध्याकाळींत असा सह्याद्री उभा केला की मी गप्पच झालो. (मागचा चेहरा थोडा राक्षसासारखा आलाय, तिथे झाडं जास्त लावली.) माती इथलीच, चिऱ्याची पूड मलमलीतून गाळून. पण त्यात एकदा लोहचुंबक फिरवलं तर काळ्या कणांची दाढी आली त्याला! ती तशीच टाकली असती तर इंजिनाच्या मोटरीने सगळी ओढून घेतली असती. तू बॅलास्ट (रुळाखालची खडी) करशील तेव्हा आधी चुंबक फिरव.

धबधब्याने मात्र घाम काढला. खरा दूधसागर ३१० मीटर. एचओत साडेतीन मीटर होतो, एनमध्ये १९४ सेंटिमीटर. टेबल जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर, मग बाकीचा धबधबा काय कौलांतून बाहेर काढू? शेवटी ९० सेंटिमीटरचा केला, म्हणजे १:३४५ च्या आसपास. तेव्हा तुझी तक्रार दुरुस्त करून घे: फळीवर दोन नव्हे, तीन मापं आहेत.

गाडी कुळ्याहून सुटते, झाडीमागे बोगद्यात शिरते आणि तिथेच थांबते. मी मनात तीस मोजतो. मग वर पुलाजवळ एनची बाहेर येते, तेच रंग, तेवढेच मळके डबे. एनमध्ये आपलं डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिन कुठून आणणार? पण ते मुळात अमेरिकी घराण्यातलं. तिकडचं एसडी७०मॅक एनमध्ये मिळतं, त्याला हुबळी शेडच्या इंजिनांचा रंग दिला. चार फुटांवरून तूसुद्धा फसशील.

आणि वेग. इथे बहुतेक जण मार खातात, मीही खाल्ला. ताशी ३० किलोमीटरने चढणारी गाडी एचओत सेकंदाला ९.६ सेंटिमीटर जायला हवी, एनमध्ये ५.२. दोन्ही एकाच हाताने सारख्या सोडल्या तर मागची घाटात ५५ ने पळते. खरा घाट १:३७ चढाचा, मागून ढकलायला बँकर इंजिन लावून चढतात तिथे! म्हणून कंट्रोलर वेगळे, आणि एनच्या कंट्रोलरवर रंगाने खूण करून ठेवलीय, त्यापुढे मूठ न्यायची नाही. इतक्या हळू हलकं इंजिन रुळावर जरा मळ असला की अडतं, आणि आमच्या पावसाळ्यात रूळ रातोरात काळे पडतात. पुढून हात पोचत नाही. म्हणून टेबल भिंतीपासून हातभर लांब ठेवलंय आणि आभाळाचा पडदा बांबूवर गुंडाळता येतो, जत्रेतल्या नाटकासारखा. दोरी ओढायची, आभाळ वर, आपण मागे, हातात स्पिरिटचा बोळा.

बायकोचं म्हणणं, सगळ्यात बघण्यासारखं तेच असतं: धबधब्यावर अचानक माझं तोंड उगवतं.

तुला शेळी-म्हैस पटत नसेल तर दुसरा मार्ग तुझ्या दारातच आहे. रूळ एनचे, डबे एचओचे. एनचा रूळ ९ मिलिमीटरचा. तुमची जुनी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटर रुळांची होती, त्याला ८७ ने भाग, ८.७६ येतात. यात पडदा नको, फसवाफसवी नको. माप एकच, रूळ तेवढे अरुंद. मिरजेला ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज एका स्टेशनात होते, आणि त्या गावचा माणूस मला दोन मापांवरून बोलतो! मीटरगेज हवं असेल तर १२ मिलिमीटरचा रूळ घे. आमची कुळ्याची लाइनही नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होती, कधीतरी तीही करीन म्हणतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

डिसेंबरात ये. रेल्वेने ये, दिवसाउजेडी घाटात खिडकीशी बस आणि पुलावरून पलीकडचा डोंगर किती निळा दिसतो ते नीट बघून ठेव. माझा निळा जरा जास्त झालाय अशी शंका आहे. येताना ९ मिलिमीटरचे डावे सांधे (गाडीचा रूळ बदलणारे) दोन आण, इथे मिळत नाहीत. पैसे इसवणात (म्हणजे तुमच्या सुरमईत) फेडीन.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की बिघडवणारा मी नव्हे.

तुझा,
फोंडेकर