बावन्न आठवड्यांचा हिशेब

न्यू यॉर्क,
ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

मागच्या फोनवर तू विचारलं होतंस, "लोक खोटे कागद आणून गंडवत नाहीत का रे तुम्हाला?" मी "आणतात की" म्हणालो आणि तुझ्या गुडघ्याची चौकशी करून विषय बदलला. तुझं आयुष्य बँकेत कर्जाच्या फायली चाळण्यात गेलं, त्यामुळे तुझ्या मनात आधी हाच प्रश्न येणार. पण फोनवर एका वाक्यात सांगण्यासारखं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आज रविवार आहे, बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन आहे, म्हणून लिहायलाच बसलो. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आधी मी करतो काय ते सांगतो, कारण तू अजून सगळ्यांना "तो तिकडे सरकारी नोकरीत आहे" असंच सांगतोस. मी सरकारी नोकर नाही. मी एका संस्थेत केसवर्कर आहे. पैसे शहराचे, नियमही शहराचे, आणि माणसं माझ्यासमोरच्या खुर्चीत. भाडं थकलं आणि कोर्टाची नोटीस आली, तर शहर एकदाच मोठी रक्कम देऊन थकबाकी फेडतं. त्याला इथे सगळे 'वन शॉट डील' म्हणतात. पण नुसतं थकलंय म्हणून ती मिळत नाही. पुढचं भाडं तुम्ही कसं भरणार हेही दाखवावं लागतं, आणि पुष्कळ अर्ज तिथेच अडतात. दुसरी योजना सिटीफेप्सची. शेल्टरमध्ये, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यात राहणाऱ्या किंवा तिथे जाण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबाला शहर व्हाउचर देतं: कमाईच्या ३० टक्के तुम्ही भरा, उरलेलं भाडं आम्ही थेट घरमालकाला देऊ. माझं बहुतेक काम या दुसऱ्या योजनेतलं.

हे ३० टक्के आले कुठून, हे तुला आवडेल म्हणून सांगतो. १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रूक यांनी सरकारी घरांतल्या भाडेकरूंसाठी कायद्यात मर्यादा घालून घेतली, की भाडं कमाईच्या २५ टक्क्यांवर जाता कामा नये. १९८१ मध्ये ती ३० झाली आणि तिथून तो आकडा सगळीकडे पसरला. आता तो इतका मुरलाय की पंचांगात छापून आल्यासारखा कुणी त्यावर वादच घालत नाही. आमच्याकडे हे ३० टक्के हातात पडणाऱ्या पगाराचे नसतात, कापाकापी होण्याआधीच्या पगाराचे असतात. म्हणजे जे पैसे माणसाने कधी पाहिलेच नाहीत, त्यांच्यावरही हिस्सा.

आता माझ्याकडे आलेल्या एका बाईंबद्दल. नाव सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील थोडे फिरवलेत. कपडे धुऊन, घड्या घालून, किलोवर नव्हे तर पौंडावर पैसे घेणारी दुकानं असतात ना, तशा एका दुकानात त्या कामाला. नऊ वर्षांचा एक मुलगा. गेल्या वर्षी इथलं किमान वेतन तासाला १६ डॉलर होतं आणि त्यांना आठवड्याला ३० तास मिळायचे. पगार दर शुक्रवारी, ४८० डॉलर. इंग्रजी बेताचं, त्यामुळे आमचं बोलणं फोनवरच्या दुभाष्यामार्फत चालायचं. टेबलावर मधोमध फोन, दोन्ही बाजूंनी आम्ही त्याच्याकडे बघून बोलतोय, जणू तिसरा कुणी आजोबा बसलाय.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, माझ्या वाट्याला किती येईल? शहराचं पत्र अजून यायचं होतं. पत्र आल्यावर सांगतो म्हणायला हवं होतं मी. पण समोरचा माणूस असा पुढे झुकून विचारतो तेव्हा आपल्याला हुशारी सुचते. मी तिथल्या तिथे कागदावर मांडलं: ४८० चोक १,९२०, त्याचे ३० टक्के ५७६. आकडा फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो आपल्या वहीत उतरवला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. त्यात ६२४.

तू एव्हाना हसला असशील. महिना चार आठवड्यांचा नसतो. वर्षाचे आठवडे बावन्न. ४८० गुणिले ५२, भागिले १२, म्हणजे महिन्याला २,०८०. त्याचे ३० टक्के ६२४. नियमात सरळ लिहिलंय, साप्ताहिक पगाराला ४.३३३३ ने गुणा. मला ते पाठ होतं, अरे! दिवसातून दहा वेळा मी तेच बटण दाबतो. त्या दिवशी तोंडी हिशेब केला आणि घरातल्या सवयीने चार आठवड्यांचा महिना धरला. फरक ४८ डॉलरचा. तुला-मला तो एका संध्याकाळचा खर्च. त्यांना तो तीन तासांचा पगार होता, दर महिन्याला.

मी माफी मागितली. दुभाष्याने ती सांगितली की गाळली, देव जाणे, कारण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी वही काढली, ५७६ खोडला, ६२४ लिहिला. मग मागच्या पानावर गेल्या. तिथे त्यांनी वर्षाचे सगळे शुक्रवार मांडले होते, महिन्यागणिक. आठ महिन्यांत चार शुक्रवार, चार महिन्यांत पाच. चार शुक्रवारांच्या महिन्यात हाती १,९२०, त्यात ६२४ म्हणजे ३० नव्हे, साडेबत्तीस टक्के. आणि पाच शुक्रवारांच्या महिन्यात थोडा श्वास. हा हिशेब त्यांना माझ्याआधीपासून माहीत होता! पाचवा शुक्रवार त्या वेगळ्या पाकिटात ठेवायच्या. मग मी ५७६ म्हणालो तेव्हा बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "त्या म्हणतायत, तुम्ही ऑफिसचे. मला वाटलं, तुमचा महिना वेगळा असेल."

तेव्हा, तुझ्या प्रश्नाबद्दल. खोटे कागद येतात. मालकाची सही भाडेकरूनेच ठोकलेली मी पाहिलीय, पगाराच्या पावतीवर एक शून्य पुसलेलंही पाहिलंय. पण माझ्या टेबलावर जास्त येते ती याच्या उलट तऱ्हा. आपल्या फायद्याची गोष्ट लोक सांगतच नाहीत. मुलाला दमा आहे हे दडवतात, न जाणो कुणी मूल काढून घेईल म्हणून. बहिणीकडून उसने घेतलेले पैसे कमाईत धरतात. आणि आम्ही ऑफिसवाले चुकलो तर गप्प बसतात. तुमच्याकडे कर्ज घेणारा माणूस कमाई फुगवून सांगतो. आमच्याकडे ती कशी सांगायची तेच कुणाला कळत नाही, कारण ती कमाई महिन्याच्या मापात बसणारी नसतेच. या आठवड्यात ३० तास, पुढच्यात मालकीणबाईंचा भाचा कामावर आला म्हणून २२. आम्ही मागतो सलग पावत्या, सारख्या रकमेच्या. मग फाइल बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवलंय.

असो. पत्र हातात आलं की घर मिळालं असं तुला वाटेल. मलाही पहिल्या वर्षी वाटायचं. खरं काम तिथून सुरू होतं. २०२३ च्या पाहणीत या शहरात भाड्यासाठी रिकामी असलेली घरं होती शंभरात १.४१, म्हणजे १९६८ नंतरची सर्वांत कमी. त्यातून व्हाउचर घेणारा मालक शोधायचा. व्हाउचर आहे म्हणून घर नाकारणं इथे २००८ पासून बेकायदा आहे, त्यामुळे नाकारत कुणीच नाही. मी दलालाला फोन करतो.

"एक बेडरूमचं, २,३०० वालं, आहे का अजून?"

"आहे ना. कधी बघायला येता?"

"बाई सिटीफेप्सवर आहेत."

थोडं थांबून, "अं... मालकांनी बहुधा कालच कुणाला तरी शब्द दिलाय. बघून सांगतो."

दुपारी माझी सहकारी दुसऱ्या नंबरवरून त्याच घरासाठी फोन करते, व्हाउचरचं नावही काढत नाही. घर अजून आहे! काही जण जास्त सफाईने नाही म्हणतात: तुमची वर्षाची कमाई भाड्याच्या चाळीस पट हवी. २,३०० चे चाळीस पट ९२,०००. एवढे मिळत असते तर बाई माझ्यासमोर कशाला बसल्या असत्या? तक्रार करता येते, आम्ही करतोही. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मुलाची शाळा सुरू होते.

एकवीस फोननंतर एक मालक मिळाला. म्हातारा, तिरसट, पण सरळ. "शहर पैसे वेळेवर देतं का?" एवढंच विचारलं त्याने. भाडं २,३००, बाईंचे ६२४, शहराचे १,६७६. दलालीही तेव्हा शहरानेच दिली. यंदाच्या जूनपासून कायदा बदललाय, दलाल ज्याने नेमला त्यानेच पैसे द्यायचे. मग मालकाचे कागद. घराच्या खरेदीखतावर त्याचं आणि कैलासवासी बायकोचं नाव, करासाठीच्या फॉर्मवर एकट्याचं. फाइल परत. मृत्यूचा दाखला आणायला तो स्वतः गेला आणि माझ्या टेबलावर आपटून म्हणाला, "हिला मरून अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच कुणीतरी पुरावा मागितला." मी दाखला फाइलला लावला. काय बोलणार?

घराची पाहणी करायला मीच गेलो होतो. हे काम मला मनापासून आवडतं, कारण इथे कागद नाही, नळ असतो. गरम पाणी येतं का, हात धरून बघायचा. धुराच्या अलार्मचं बटण दाबायचं. रेडिएटर जागेवर आहेत का ते बघायचं, कारण इथे १ ऑक्टोबर ते ३१ मे मालकाने घर उबदार ठेवायचं असा कायदा आहे. आणि खिडक्या. घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असेल तर खिडकीला लोखंडी गज बसवणं सक्तीचं आहे. तीन खिडक्यांना गज होते, स्वयंपाकघरातल्या खिडकीला नव्हते. इमारतीची देखभाल करणारा, ज्याला इथे सुपर म्हणतात, मुलाकडे बघून म्हणाला, "हा केवढा मोठा झालाय, हा कशाला पडतोय?" मुलगा ताठ उभा राहून म्हणाला, "मी नऊ वर्षांचा आहे." सुपरने एक सुस्कारा सोडला आणि खाली जाऊन गज घेऊन आला. बाई सगळा वेळ स्क्रू मोजत होत्या. चार हवे होते, त्याने तीनच लावले. त्यांनी बोटाने चौथं भोक दाखवलं. या वेळी दुभाष्या लागला नाही.

१ ऑक्टोबरला त्या राहायला गेल्या. शेल्टरमध्ये त्यांनी चौदा महिने काढले होते. या शहरात निवाऱ्याचा हक्क आहे, १९८१ च्या एका कोर्ट-तडजोडीपासून. तो तेव्हा एकट्या पुरुषांपुरता होता, मग वाढत गेला. हक्क मोठाच आहे, नाकारत नाही. पण चौदा महिने एका खोलीत, आत जेवण शिजवायची सोय नसताना काढून बघ म्हणजे कळेल. पहिल्या दिवशी त्यांनी मला फोटो पाठवला होता. माणूस नाही, सामान नाही. गॅसवर एक पातेलं, बस.

नोकरी सोडावीशी वाटते का, असंही तू आडून विचारलंस. वाटते. दर मंगळवारी. त्या दिवशी आमची बैठक असते आणि कुणाच्या किती केस 'बंद' झाल्या ते भिंतीवर दाखवतात. घर मिळालं तरी केस बंद, आणि माणूस फोन उचलेनासा झाला तरी केस बंद. दोन्हींना रंग एकच, हिरवा. माझ्या गेल्या महिन्याच्या हिरव्यांतले दोन मला झोपू देत नाहीत, त्यांच्याबद्दल लिहीत नाही.

ते ५७६ मी अजून विसरलेलो नाही. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलीय: ५२ ÷ १२. नवीन आलेल्या मुलामुलींना वाटतं काहीतरी पासवर्ड आहे.

गेल्या गुरुवारी बाईंचा फोन आला. लीजला ऑक्टोबरमध्ये वर्ष होईल, नूतनीकरणाचे कागद आलेत. जानेवारीपासून किमान वेतन १६.५० झालंय, त्यामुळे त्यांचा आठवडा आता ४९५ चा. मी कॅल्क्युलेटर ओढेपर्यंत त्याच म्हणाल्या, आपल्या मोडक्या इंग्रजीत, "सिक्स फॉर्टी-थ्री फिफ्टी. फिफ्टी-टू, नॉट फॉर्टी-एट, ओके?" मी बटणं दाबली. ६४३.५०. बरोबर होतं. मी तसं सांगितलं. त्यावर पलीकडून विचारलं, ते पन्नास सेंट द्यावेच लागतील की सोडतात?

मी म्हणालो, पत्र आल्यावर सांगतो.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याचा एक्स-रे काढलास का ते कळव. आणि या वेळी फोन नको, पत्रच लिही.

तुझा,
नेहमीचाच