आशू, कॉपीरायटिंगमध्ये यायचंच असेल तर

डोंबिवली,
रविवार

प्रिय आशू,

तुझं पत्र परवाच मिळालं. फोन करणार होते, पण फोनवर तू "हो गं, कळलं" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहायलाच बसले.

विनाअनुदानित शाळेतली नोकरी सोडून कॉपीरायटिंगमध्ये, म्हणजे जाहिराती लिहिण्याच्या धंद्यात, यावं असं तुझ्या मनात आहे आणि जमेल का म्हणून विचारतेस. जमेल. कॉलेजच्या भित्तिपत्रकात तू लिहायचीस तेव्हापासून मला त्याबद्दल शंका नाही. मला काळजी आहे ती वेगळीच. या धंद्यात तू कुठल्या दाराने आत शिरतेस यावर पुढची कित्येक वर्षं कशी जाणार हे ठरतं, आणि नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही.

तुला एका ठिकाणाहून ‘मराठी कॉन्टेंट’चं काम आलंय, शब्दाला सव्वा रुपया, घरबसल्या. आशू, हे काम कॉपीरायटिंगचं नाही, अनुवादाचं आहे. अनुवादाला मी कमी लेखत नाही, चांगला अनुवाद करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. पण जाहिरातीच्या कामात मराठीचा नंबर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी लागतो. विचार इंग्रजीत होतो, फिल्म हिंदीत बनते, क्लायंटची मंजुरी येते, बजेट संपत आलेलं असतं, आणि मग एखाद्या गुरुवारी संध्याकाळी कुणीतरी विचारतं, "रीजनल कोण करतंय?" म्हणजे मराठीसारख्या प्रादेशिक भाषांचं काम. त्या वेळी जिचं नाव पुढे येतं तिला उद्या सकाळपर्यंत सगळं द्यायचं असतं, आणि पैसे शब्द मोजून मिळतात. पाच शब्दांची ओळ होर्डिंगवर सहा महिने राहिली तरी सव्वा रुपयाच्या दराने तिचे होतात सव्वासहा रुपये.

हे शेवटच्या टोकाचं कामसुद्धा किती बारीक असतं ते एकदा बघ. हिंदी फिल्म तयार होऊन आली, बाई कॅमेऱ्यात बघून म्हणते, "अब बस, बहुत हो गया." चेहरा क्लोजअपमध्ये. अनुवादकाने लिहिलेलं असतं, "आता बस्स, खूप झालं." अर्थ बरोबर आहे, पण प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. ‘बहुत’च्या सुरुवातीला तिचे ओठ पडद्यावर मिटलेले आहेत आणि आपला ‘खू’ उघड्या ओठांचा. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं आणि बाई खोटी वाटायला लागते. तिथे "आता बास, पुरे झालं" लिहिलं की ‘बस’वर ‘बास’ बसतो, ‘बहुत’वर ‘पुरे’ बसतो, लांबीही तेवढीच, आणि आपल्याकडची बाई खरंच तसं म्हणते. हे मला डबिंगच्या स्टुडिओत एका आवाज देणाऱ्या ताईंनी शिकवलं. एकेका ओळीवर असा अर्धा अर्धा तास जातो. शब्दाच्या दरात हा अर्धा तास कुठेच धरलेला नसतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की ये, पण काम जिथून सुरू होतं त्या टोकाला ये. हिंदीचंही कधीकाळी असंच होतं. हिंदी जाहिरातींसाठी गाजलेले पीयूष पांडे १९८२ मध्ये ऑगिल्व्ही या जाहिरात संस्थेत आले तेव्हा ते लिहिणाऱ्यांत नव्हते, क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्यांत होते. नंतर त्यांनी आणि त्यांच्या पिढीने हिंदीत विचार करून लिहायला सुरुवात केली आणि इंग्रजीची पाठराखीण असलेली हिंदी पुढच्या खुर्चीत येऊन बसली. मराठीला ती खुर्ची अजून क्वचितच मिळते. पण मिळते, हे मी स्वतः पाहिलंय.

एका खत कंपनीचं पत्रक माझ्याकडे आलं होतं, विद्राव्य खताचं. इंग्रजी मूळ मजकुरात तंत्रज्ञान, नावीन्य, हेक्टरी मात्रा असं सगळं व्यवस्थित होतं. मी म्हटलं, अनुवाद करण्याआधी मला जालन्याला जाऊ द्या. तिथे एका कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी दिवसभर उभी राहिले. येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिलं विचारायचा, "एका पंपाला किती टाकायचं?" पंप म्हणजे पाठीवरचा फवारणीचा. मग, "औषधात मिसळून फवारलं तर चालतं का?" आणि निघता निघता, "मागून पाऊस आला तर वाया जातं का?" हेक्टर हा शब्द दिवसभरात एकाच्याही तोंडून ऐकला नाही. परत येऊन पत्रकाच्या पहिल्या पानावर मी ओळ लिहिली, "एका पंपाला किती? आधी ते सांगतो." खाली ते तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं. उत्तरं मात्र माझ्या मनाची नाहीत, कंपनीच्या कृषी अधिकाऱ्याकडून लेखी घेतलेली, कारण पंपाचा आकडा चुकला तर कुणाचं तरी पीक जळतं. ते पत्रक क्लायंटला इतकं पटलं की मध्य प्रदेशासाठी हिंदी मजकूर त्यावरून करून घेतला. त्या कामात हिंदीवाला मराठीवरून अनुवाद करत होता. मला या धंद्यात टिकवून ठेवलंय ते अशा कामांनी.

आणि हे तू माझ्याहून चांगलं करशील. तुझ्या वर्गातल्या मुलांचे आई-बाप कापूस लावतात, ऊसतोडीला जातात, मोबाइलचा हप्ता भरतात, मुलीच्या स्कूटीसाठी पैसे साठवतात. इथे मीटिंगमध्ये ज्यांना ‘ग्रामीण ग्राहक’ म्हणतात ती माणसं तुला नावानिशी माहीत आहेत.

आता पोर्टफोलिओ. अनुभव नसताना काम दाखवायचं कसं, असं तू विचारलंयस. स्वतःच ठरवून जाहिराती करायच्या, त्याला इथे ‘स्पेक’ म्हणतात. बहुतेक मुलं परदेशी बुटांच्या आणि कोल्ड्रिंकच्या करतात, आणि त्या सगळ्या सारख्या दिसतात. तू तुझ्या अंबाजोगाईतली गिऱ्हाइकं धर. स्टँडसमोरची ड्रायव्हिंग स्कूल घे, बायकांना शिकायचं असतं पण लाज आणि भीती कशाची वाटते ते आधी शोधून काढ. एखादी पतसंस्था घे, लोकांचा विश्वास कशावर बसतो आणि कशावरून उडतो ते लिही. प्रत्येकासाठी एक होर्डिंग, एक वीस सेकंदांची रेडिओ जाहिरात आणि एक व्हॉट्सॲप मेसेज. सोबत चार ओळी, की कुणाशी बोललीस आणि हीच ओळ का निवडलीस. चांगली क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे एजन्सीतल्या लिहिणाऱ्यांची प्रमुख, त्या चार ओळीच आधी वाचते. अहमदाबादच्या मायका, मुंबईच्या झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स अशा जाहिरातीचं शिक्षण देणाऱ्या संस्थांमधून बरीच मुलं या धंद्यात येतात, त्यांना ओळखींचा फायदा नक्की मिळतो. पण कॉपी टेस्टचा, म्हणजे नोकरी देण्याआधीच्या लेखी चाचणीचा कागद समोर आला की सगळ्यांना कोऱ्या पानापासूनच सुरुवात करावी लागते.

रोजचं काम कसं असतं? बरंचसं मोजमापाचं. एसएमएस देवनागरीत लिहिला की एका मेसेजमध्ये ७० चिन्हंच मावतात, इंग्रजीत १६० मावतात, आणि आपले काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘दिवाळी’ सहा होते, ‘साड्यांवर’ नऊ. शिवाय व्यावसायिक मेसेजचा मसुदा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणजे आयत्या वेळी शब्द बदलायची सोय नाही.

आणि आर्टवर्क. याबद्दल मी जरा जास्तच बोलते, पण ऐक. मजकूर तू बरोबर दिलेला असतो. डिझायनरच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसली की पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, जोडाक्षर फुटतं, रफार घसरतो. डिझायनरला देवनागरी वाचता येत नसेल तर त्याला ते कळतही नाही, आणि चाळीस फुटी बोर्ड तसाच चढतो. छपाईला जाण्याआधीची शेवटची फाइल स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय घरी जायचं नाही, रात्रीचे अकरा वाजले तरी. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी उल्का या जाहिरात संस्थेत काम केलेले होते, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. अक्षराची एवढी काळजी करणारं माणूस याच धंद्यात होऊन गेलं.

तुझी ओळ बदलली जाईल, याची तयारी ठेव. सर्व्हिसिंगवाला बदलेल, क्लायंट बदलेल, क्लायंटच्या घरचेही बदलतील. खाली तुझं नाव कधीच येणार नाही. कवितेत तू एक शब्द कुणाला हलवू देत नाहीस, ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितेय. कविता लिहीत राहा, ती तुझी आहे. इथली ओळ दुसऱ्याच्या दुकानासाठी असते, आणि भांडायचं ते ती ओळ गिऱ्हाइकाला कळत नसेल तेव्हा किंवा खोटी असेल तेव्हा.

खोट्यापाशी मात्र ठाम राहा. गावाकडची कामं सुरू केलीस की पहिल्या महिन्यातच कुणीतरी म्हणेल, "मधुमेह मुळापासून बरा, असं टाका." तसं लिहायचं नाही. १९५४ च्या औषध आणि जादूटोणा उपाय कायद्याने अशा जाहिरातीच्या प्रसिद्धीत कुणीही भाग घेऊ नये असं म्हटलंय, म्हणजे त्यात लिहिणारीही आली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पण मला कायद्यापेक्षा तुझ्या शेजारच्या काकू आठवतात, ज्यांनी असं काहीतरी वाचून गोळ्या बंद केल्या होत्या. एवढं एक काम नाकारल्याने आपण उपाशी मरत नाही.

पैशाचं सांगते. ज्युनियरच्या पगारात मुंबईत खोलीचं भाडं, डिपॉझिट, पास आणि डबा एवढं जेमतेम भागतं. फ्रीलान्स केलंस तर पैसे बुडण्यापेक्षा थकतात जास्त. एका एजन्सीने माझं बिल वर्षभर "अकाउंट्सला दिलंय" म्हणून लांबवलं होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी कर, ऑनलाइन होते आणि फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की पुष्कळदा तेवढ्यानेच अकाउंट्सवाले हलतात. काम सुरू करण्याआधी निम्मे पैसे माग, आणि किती वेळा फेरफार करून देणार ते ई-मेलवर लिहून ठेव. दर कामाचा सांग, शब्दाचा कधीच नाही.

चॅटजीपीटीबद्दल तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात असणारच. २०२२ च्या अखेरीस ते आलं आणि नवशिक्यांची कामं आधी गेली: उत्पादनांची वर्णनं, कॅप्शन, एका ओळीचे दहा पर्याय. आम्ही ज्या कामांवर हात बसवला तीच ही कामं, त्यामुळे तुमच्यासाठी पहिली पायरीच काढून घेतल्यासारखं झालंय, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. आता नव्या मुलींना मशीनचं मराठी ‘तपासायला’ देतात, निम्म्या दरात. ते घेऊ नकोस. त्या मराठीत व्याकरण फारसं चुकत नाही, पण "आपल्या स्वप्नांना द्या नवे पंख" असली वाक्यं दिवसभर वाचून चार महिन्यांत तुझा कान बिघडेल, आणि तुझ्याकडे खरी पुंजी आहे ती कानाची. जालन्याच्या काउंटरपाशी उभं राहून कोण काय विचारतंय ते ऐकणं अजून माणसालाच करावं लागतं. तू त्याच मुलखातली आहेस.

तेव्हा असं कर. शाळा आत्ताच सोडू नकोस, परीक्षा होऊ देत. तोवर तीन गिऱ्हाइकांची कामं करून मला पाठव. मी गोड बोलणार नाही, पेन घेऊन बसेन. मेमध्ये इकडे ये, महिनाभर माझ्याकडेच राहा, खोली शोधायची घाई नाही. दोन-तीन क्रिएटिव्ह डायरेक्टरना मी तुझं काम दाखवू शकते, पुढचं तुझं तू बघ. सव्वा रुपयावाल्यांना नकार लगेच कळव, आणि त्यांनी दर वाढवला तर मला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.

काकूंना नमस्कार सांग. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन लातूरला करायचं की संभाजीनगरला, ते ठरलं का? ठरलं की कळव, मी रजा टाकून येईन.

तुझीच,
मेघा