अर्धी गोधडी पाठवताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

गोधडी शिवायला शिकव, असे तू लिहिलेस, ते वाचून मला फार आनंद झाला. माझी अर्धी शिवून झालेली गोधडी तुझ्याकडे पाठवत आहे. ती आता तू पुरी करायची आहेस. अट एकच आहे, की माझ्या टाक्यासारखा टाका घालायचा प्रयत्न करू नकोस.

या अटीमागचे कारण माझ्या लहानपणी सापडेल. आईच्या सुयांमध्ये दोरा ओवून ठेवणे हे माझे पहिले काम होते आणि अक्षर वळणदार होण्याच्या कितीतरी आधी मला साखळी टाका घालता येऊ लागला होता. आईचा धावदोरा बारीक आणि किंचित तिरका असे, मावशीचा लांब आणि ताठ. दोघी एकाच गोधडीवर बसल्या, तरी कोणती ओळ कोणाची हे मी डोळे मिटून, नुसते बोट फिरवून सांगत असे. माणसाचा हात कापडावर हस्ताक्षरासारखा उमटून राहतो, याचे मला तेव्हा वाटलेले नवल अजून ओसरलेले नाही, आणि हे वेड जन्मभर टिकले ते त्यामुळेच.

पुढे मी काजटाका, काश्मिरी टाका, गाठीचा टाका असे पुष्कळ काही शिकले, तरी माझे मन खरे रमते ते धावदोऱ्यात. तो सर्वांत सोपा मानला जातो, पण बंगालमधल्या कांथा पाहिल्यास की त्याची ताकद तुझ्या ध्यानात येईल. जुन्या साड्यांचे थर एकमेकांवर घालून, अनेकदा त्यांच्याच काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी, तिथल्या बायकांनी कमळे, हत्ती, पक्षी मुख्यतः याच टाक्याने उभे केले आहेत.

आणखी एक गोधडी मला नेहमी आठवते. एड्सने मरण पावलेल्या माणसांच्या स्मरणार्थ 1987 साली वॉशिंग्टनमध्ये ती प्रथम अंथरली गेली, तेव्हा तिच्यात 3 फूट रुंद आणि 6 फूट लांब असे 1,920 तुकडे होते. प्रत्येक तुकड्यामागचे दुःख वेगळे होते आणि तो शिवणारा हातही वेगळा होता. ते सारे काम कोणी एकसारखे, सफाईदार करून घेतले असते, तर त्यातली माणसेच पुसली गेली असती, असे मला मनापासून वाटते.

आता कामाचे सांगते. गोधडीची ऊब मधल्या थरात अडकलेल्या हवेची असते आणि तो थर जागच्या जागी धरून ठेवणे हे टाक्यांचे काम आहे. त्यामुळे टाका फार बारीक आला नाही तरी चालेल, मात्र दोन ओळींमध्ये फार अंतर पडू देऊ नकोस, नाहीतर धुतल्यावर आतला कापूस एका बाजूला गोळा होतो. मी मोठ्या टाक्यांनी घातलेला कच्चा दोरा इतक्यात काढू नकोस. तो मध्यापासून कडेकडे घातलेला आहे, म्हणजे चुण्या बाहेर सरकतात आणि मध्ये अडकून राहत नाहीत. पक्क्या शिवणीसाठी दोरा बोटांपासून कोपरापर्यंत, एवढाच घे. लांब दोरा कापडातून वारंवार ओढला जाऊन विसविशीत होतो आणि त्याला गाठी पडतात.

कोपऱ्यातल्या फुलाच्या दोन पाकळ्या मी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. भरतकामाचा रेशमासारखा दिसणारा सुती दोरा सहा पदरी असतो. त्यातले दोनच पदर वापर, पण ते एकेक करून सोडव आणि मग पुन्हा जुळव, म्हणजे पीळ निघून जातो आणि टाका कापडावर सपाट बसतो. या पाकळ्या माझ्या पाकळ्यांपेक्षा वेगळ्या दिसतील आणि तशाच त्या मला हव्या आहेत.

सोबत सुया आणि अंगुस्तान ठेवले आहे. सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होत जाते, म्हणून आधी 8 नंबरची घे आणि हात बसला की 10 नंबरकडे वळ. पहिली ओळ झाली की मला तिचा फोटो पाठव, आणि ती वाकडी वाटली तरी उसवू नकोस.

तुझी,
आई